इलेक्ट्रिक गाडीवर सरकारी सवलत नक्की किती आणि कुठे मिळते? (मुंबई)

दीपा_भांडुप

नमस्कार मंडळी. आम्ही भांडुपला राहतो, नवऱ्याचं ऑफिस ऐरोलीला, माझं पवईला, आणि सासर पुण्यात त्यामुळे एक्सप्रेसवे सारखा होतच असतो. गाडी बदलायचीय आणि यावेळी इलेक्ट्रिकच असं जवळपास ठरलंय, बजेट ऑन रोड सोळा लाखांच्या आत. कुठली गाडी घ्यायची हा प्रश्न नाहीये, त्यावर इथे बरेच धागे आहेत. प्रश्न सवलतींचा आहे.

दोन शोरूमची कोटेशन समोर घेऊन बसलेय. एकावर एक्स शोरूम, आरटीओच्या पुढे जवळपास काहीच नाही, इन्शुरन्स, टीसीएस, फास्टॅग, हँडलिंग चार्जेस असं छापलेलं आहे आणि त्याच्या खाली सेल्समनने पेनाने 'शासकीय सबसिडी' लिहून त्यातून एक मोठी रक्कम वजा केलीय आणि उरलेल्या आकड्याला गोल केलाय, म्हणे मॅडम तुम्हाला एवढ्यालाच पडली समजा. दुसऱ्या शोरूमवाला म्हणतो सबसिडी वगैरे काही नाही, सगळं बंद झालं, पण इन्कम टॅक्समध्ये दीड लाख वाचतील. ऑफिसमधला एकजण म्हणतो तेही बंद झालं.

आता यातलं खरं काय? ज्यांनी घेतलीय किंवा ज्यांना टॅक्समधलं कळतं त्यांनी जरा नीट सांगा, कारण लोन किती काढायचं ते त्या गोल केलेल्या आकड्यावर ठरणार आहे.

आकडेमोड

दीपाताई, तो गोल केलेला आकडा आधी बाजूला ठेवा. लोनचा हिशोब त्यावर अजिबात करू नका.

सवलतींचे सरळ दोन ढीग करा. एक, ज्या बिलातच कमी होऊन येतात, तुम्हाला काही मागावं लागत नाही. दुसरा, ज्या नंतर कोणीतरी मंजूर केल्यावर मिळतात. पहिला ढीग पक्का असतो आणि खरं सांगायचं तर मोठाही तोच आहे, फक्त तो दिसत नाही म्हणून कोणी त्याबद्दल बोलत नाही.

पहिल्या ढिगात जीएसटी. इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के आहे, १ ऑगस्ट २०१९ पासून, त्याआधी १२ होता. हा एक्स शोरूम किमतीतच असतो. आणि दुसरा रोड टॅक्स. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाख १२ टक्के, २० लाखांच्या वर १३ टक्के. डिझेलला त्याहून दोन टक्के जास्त. म्हणजे तुम्ही १४ लाख एक्स शोरूमची पेट्रोल गाडी घेतली असती तर १ लाख ६८ हजार नुसते आरटीओत गेले असते. इलेक्ट्रिकला हा टॅक्स माफ आहे. किरकोळ फी लागते, लोन असेल तर बोजा चढवायची वगैरे, पण ती हजारांत. हीच तुमची खरी सबसिडी, आणि ती कोटेशनवर आधीच आलेली आहे.

दुसऱ्या ढिगातलं एकेक पुढे लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

वडाळा_टीटी

आकडेमोड +१. रोड टॅक्सचं लोकांच्या लक्षातच येत नाही, पेट्रोल आणि इलेक्ट्रिकची एक्स शोरूम किंमत शेजारी ठेवतात आणि म्हणतात अडीच लाख महाग आहे. ऑन रोड शेजारी ठेवा की, अर्धा फरक तिथेच जातो.

पेट्रोलवाला

हे बरोबर आहे पण एक गोष्ट बदललीय ती कोणी सांगत नाहीये. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, वरचा सेस पण गेला. छोटी म्हणजे चार मीटरच्या आत आणि इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५००. त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के, सेस नाही. इलेक्ट्रिक ५ वरच राहिली. म्हणजे छोट्या गाडीशी तुलना केली तर आधी जो चोवीस-पंचवीस टक्क्यांचा फरक होता तो आता तेराचा आहे. २०२३-२४ चे व्हिडिओ बघून कोणी ब्रेक इव्हन (जादा दिलेली किंमत कधी वसूल होते ते) काढत असेल तर तो हिशोब आता लागू नाही. मोठ्या एसयूव्हीशी तुलना करत असाल तर मात्र इलेक्ट्रिक अजून बरीच पुढे आहे.

दीपा_भांडुप

@पेट्रोलवाला हे माहीतच नव्हतं, आम्ही चार मीटरच्या आतलीच बघतोय त्यामुळे आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. पण सबसिडीचं काय? तो म्हणतो केंद्राची पण आहे आणि राज्याची पण आहे.

आकडेमोड

केंद्राची खासगी कारला नाही. ठामपणे सांगतो, कारण ही गोष्ट शोरूममध्ये इतकी चुकीची सांगितली जाते.

फेम २ नावाची योजना होती, १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२४. त्यात दुचाकीला सगळ्यांना मिळायची, पण चारचाकीला फक्त टॅक्सी, कमर्शियल वापराच्या गाड्यांना. पांढऱ्या आकड्यांची हिरवी प्लेट म्हणजे आपली घरगुती गाडी, तिला फेम २ मधून एक रुपया कधीच नव्हता. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२४ ला पीएम ई-ड्राइव्ह आली, १०,९०० कोटींची. त्यात दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक, अँब्युलन्स, चार्जिंग स्टेशन, सगळं आहे, कार नाही. म्हणून कोणी कारवर केंद्राची सबसिडी म्हणालं की त्याला योजनेचं नाव लिहून द्यायला सांगा, तिथेच विषय संपतो.

राज्याची वेगळी गोष्ट. २०२१ च्या महाराष्ट्राच्या धोरणात कारला बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट अवरमागे ५,००० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, आणि तेही पहिल्या १०,००० गाड्यांनाच. वर लवकर घेणाऱ्यांना आणखी एक लाखापर्यंत, ते ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत होतं, मग ३१ मार्च २०२२ पर्यंत वाढवलं. आता नवं धोरण आहे, एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलं, मेमध्ये जीआर निघाला, मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत. यात खासगी कारला मूळ किमतीच्या १० टक्के प्रोत्साहन आहे पण त्याला वरची मर्यादा आहे आणि किती गाड्यांना द्यायचं तो कोटाही ठरलेला आहे.

म्हणजे तुमचा सेल्समन सगळंच खोटं बोलत नाहीये. पण त्याला एकच विचारा: ही रक्कम इनव्हॉइसमध्ये कमी करून देणार का? हो म्हणाला तर छापील प्रोफॉर्मावर (खरेदीआधी डीलर देतो त्या बिलाच्या मसुद्यावर) घ्या, पेनाचं चालणार नाही. 'नंतर खात्यात येईल' म्हणाला तर तुमच्या हिशोबात ती शून्य. आली तर आनंद.

नेरुळ_सेक्टर_वीस

शेवटच्या वाक्याला माझा पाठिंबा आणि तो अनुभवातून आहे. २०२१ च्या धोरणात मी गाडी घेतली. डीलरने तेव्हा हेच सांगितलं, तुम्ही पूर्ण पैसे भरा, सबसिडी नंतर येईल. आम्ही लोन थोडं जास्त काढलं, म्हटलं पैसे आले की पार्ट पेमेंट करू. मग डीलर म्हणतो कंपनीकडे अडकलंय, कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला तर ते म्हणतात शासनाकडून आलेलं नाही, आणि शासनाकडे कोणाला विचारायचं हेच कोणी सांगत नाही. आधी कोटा संपला म्हणाले, मग म्हणाले तुमचं कागदपत्र एक कमी होतं. कुठलं कमी होतं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्या जास्तीच्या लोनचं व्याज मी पूर्ण मुदत भरलं. गाडी अप्रतिम आहे, तिच्याबद्दल काडीची तक्रार नाही. पण 'नंतर येईल' या दोन शब्दांवर कुणीही ईएमआय ठरवू नका.

मालाड_मढ

हे वाचून संताप येतो. सरकारने जाहीर करायचं, पेपरात मोठ्या जाहिराती, आणि माणूस तीन दारांत फिरतोय. द्यायचंच असेल तर दुचाकीला केलं तसं करा ना, पीएम ई-ड्राइव्हमध्ये ई-व्हाउचर निघायचं, आधारवर चेहरा पडताळून, शोरूममध्येच, आणि रक्कम बिलातून कमी. माझ्या भावाने स्कूटर घेतली तेव्हा समोर बघितलंय, फोनवर व्हाउचर आलं, सही केली, अपलोड केलं, संपलं. कारसाठी राज्याने हेच का करू नये?

सीए_पार्ले

उशिरा बघितला धागा. इन्कम टॅक्सचा भाग मी घेते कारण त्यावर दोन शोरूमवाले आणि ऑफिसातला मित्र, तिघांत मित्र बरोबर आहे.

कलम ८०ईईबी. इलेक्ट्रिक गाडीच्या लोनच्या व्याजावर वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट. अट अशी की लोन १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेलं हवं. ती तारीख पुढे वाढवलेली नाही. म्हणजे आज लोन घेणाऱ्याला हे कलम लागू नाही. ज्यांचं लोन त्या मुदतीत मंजूर झालंय ते लोन फिटेपर्यंत वजावट घेऊ शकतात, पण जुन्या टॅक्स पद्धतीतच. नवी पद्धत घेतली तर हे जातं. आणि नवी पद्धत २०२३-२४ पासून आपोआप लागते, जुनी हवी असेल तर आपण निवडावी लागते. माझ्याकडे असे दोन क्लायंट आले की ज्यांचं लोन मुदतीतलं होतं आणि नोकरीच्या ठिकाणी काही न कळवल्यामुळे नव्या पद्धतीत टीडीएस कापला जात होता. रिटर्न भरताना दुरुस्त करता आलं.

आणखी एक. 'दीड लाख वाचतील' हे तेव्हाही खरं नव्हतं. दीड लाख ही उत्पन्नातून होणारी वजावट, हातात येतो तो तुमच्या स्लॅबप्रमाणे त्यावरचा टॅक्स. ३० टक्क्यांच्या स्लॅबला सेस धरून ४६,८०० रुपये. आणि तेही व्याज खरंच दीड लाख असेल तर. बारा लाखांच्या लोनला ९ टक्क्यांनी पहिल्या वर्षी व्याज साधारण लाखाच्या घरात, मग वाचतात तीस-एकतीस हजार, पुढच्या वर्षी त्याहून कमी.

दीपा_भांडुप

बापरे, म्हणजे आमच्यासाठी इन्कम टॅक्समध्ये काहीच नाही का?

सीए_पार्ले

एक आहे आणि ते तुमचेच पैसे आहेत. कोटेशनवर टीसीएस (विकणाऱ्याने आपल्याकडून आगाऊ गोळा करायचा इन्कम टॅक्स) लिहिलाय ना, १ टक्का? दहा लाखांच्या वरची कुठलीही गाडी घेतली की डीलर तो गोळा करतो, इलेक्ट्रिक असो नाहीतर पेट्रोल. १४ लाखांची गाडी असेल तर १४ हजार. हा खर्च नाही. तुमच्या पॅनवर सरकारकडे जमा होतो, तुमच्या नावावर जमा टॅक्सच्या स्टेटमेंटमध्ये दिसतो, आणि रिटर्न भरताना तुमच्या टॅक्समधून वजा होतो, टॅक्स नसेल तर रिफंड येतो. कितीतरी लोक हा सोडून देतात कारण त्यांना तो आरटीओचा एखादा चार्ज वाटतो.

म्हणून बिल कोणाच्या नावावर फाडायचं ते आधी ठरवा. ज्याच्या नावावर बिल त्याच्या पॅनवर टीसीएस. सासूबाईंच्या नावावर घेतलीत आणि त्या रिटर्न भरत नसतील तर तेवढ्यासाठी रिटर्न भरावा लागेल. अवघड नाही, पण लक्षात ठेवा.

धंदा किंवा प्रॅक्टिस असलेल्यांसाठी अजून एक: इलेक्ट्रिक गाडीवर घसारा (दरवर्षी उत्पन्नातून वजा करता येणारी किमतीतली घट) ४० टक्के मिळतो, साध्या गाडीवर १५. पण ४४एडीए खाली, म्हणजे डॉक्टर-वकिलांसारख्या व्यावसायिकांना खर्चाचा हिशोब न देता ठरावीक टक्के उत्पन्न धरू देणाऱ्या कलमाखाली, ढोबळ उत्पन्न दाखवत असाल तर घसारा वेगळा मिळत नाही, तो त्यातच धरलेला असतो. आणि पगारदार लोकांनी कंपनी कार लीज देते का ते एचआरला विचारावं, नव्या टॅक्स पद्धतीतही तो मार्ग उरलेला आहे. पगार आणि स्लॅब बघून फायदा ठरतो.

डॉ_बोरिवली

@सीए_पार्ले ताई, ४४एडीएचा मुद्दा मला कोणीच सांगितला नव्हता, उद्याच आमच्या सीएंना विचारतो. आभार.

एडिसनकर

अमेरिकेतून लिहितोय म्हणून रागावू नका, पण दोन्हीकडचं वाचताना सारखं डोक्यात येतंय म्हणून टाकतो.

इथे फेडरल टॅक्स क्रेडिट होतं, नव्या गाडीला ७,५०० डॉलरपर्यंत, जुन्या इलेक्ट्रिक गाडीला ४,००० पर्यंत. ते उत्पन्नातून नाही, थेट टॅक्समधून कमी व्हायचं. तरी त्यात मेख होती. तुमचा वर्षाचा टॅक्सच ४,००० झाला तर उरलेले ३,५०० गेले, पुढच्या वर्षी घेता यायचे नाहीत. म्हणजे जास्त कमावणाऱ्याला पूर्ण आणि कमी कमावणाऱ्याला अर्धं. मग जानेवारी २०२४ पासून नियम केला की ते क्रेडिट डीलरला देऊन टाका आणि तेवढी किंमत तिथेच कमी करून घ्या. त्या एका बदलाने काम किती सोपं झालं ते मी मित्राच्या गाडीच्या वेळी पाहिलंय, तासाभरात कागद झाले. आणि नंतर २०२५ च्या जुलैत नवा कायदा सही झाला आणि ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना क्रेडिट बंद. शेवटच्या आठवड्यांत शोरूमला जत्रा.

मला म्हणायचंय ते एवढंच की नेरुळकरांचं जे झालं त्याचं औषध माहीत आहे, ते म्हणजे सवलत विकत घेतानाच द्या. आणि कुठल्याही देशातली असो, तिची शेवटची तारीख आधी वाचा.

बेस्टप्रेमी_लालबाग

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे, पण मूळ प्रश्नच विचारायचाय. सोळा लाखांची गाडी घेऊ शकणाऱ्याला माझ्या टॅक्समधून सवलत का? मे २०२५ मध्ये बेस्टचं कमीत कमी तिकीट पाचवरून दहा झालं, एसीचं सहावरून बारा. बस कमी झाल्यात, लालबागला स्टॉपवर अर्धा अर्धा तास उभं राहतो. ज्याच्याकडे पार्किंग आहे, ज्याच्याकडे चार्जर लावायला जागा आहे त्यालाच हे सगळं मिळणार. आमच्या चाळीत गाडी लावायलाच जागा नाही, चार्जिंगचं सोडा. इलेक्ट्रिक असो की पेट्रोल, सायन सर्कलला ती तेवढीच जागा अडवते.

आणि महागड्या गाड्यांना तर अजिबात नको. मार्च २०२५ च्या राज्याच्या बजेटमध्ये ३० लाखांच्या वरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर लावायचा प्रस्ताव होता, त्याच महिन्यात मागे घेतला. साठ लाखांची पेट्रोल गाडी असती तर १३ टक्क्यांनी ७ लाख ८० हजार रोड टॅक्स भरावा लागला असता. तो माणूस सहा टक्के देऊ शकत नव्हता?

पेट्रोलवाला

पण साहेब तुम्ही जी डबल डेकर एसी बस बघता ती पण इलेक्ट्रिकच आहे. बेस्टच्या इलेक्ट्रिक बसलाही सरकारी योजनांचा पैसा लागलाय.

बेस्टप्रेमी_लालबाग

तेच तर म्हणतोय, तो पैसा बसला जाऊ दे, जास्त जाऊ दे. एका बसमध्ये किती माणसं जातात आणि एका गाडीत किती, सकाळी दादरच्या पुलावर उभं राहून बघा, बहुतेक गाड्यांत एकटा माणूस असतो.

आकडेमोड

बेस्टप्रेमी, ३० लाखांच्या वरच्या गाड्यांबद्दल मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. तो कर ठेवायला हवा होता. पण भांडुपची दोघं नोकरी करणारी माणसं गाडी घेणारच आहेत, ती धूर सोडणारी घेतील की नाही एवढाच प्रश्न आहे. त्या निर्णयाच्या वेळी दीड लाखाचा रोड टॅक्स नसणं ही गोष्ट तराजू फिरवते. म्हणून माझं मत, स्वस्त गाड्यांची करमाफी चालू ठेवा, नंतर द्यायची सबसिडी बंद करून तो पैसा बसला आणि चार्जिंगला द्या. ज्या सवलतीसाठी माणसाला मागे फिरावं लागतं ती शेवटी ज्याला फिरायला वेळ आहे त्यालाच मिळते.

वडाळा_टीटी

टोलचं राहिलं. नव्या धोरणात इलेक्ट्रिक कारना मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे. अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. एक्सप्रेसवेचा कारचा टोल २०२५ मध्ये एका बाजूने ३२० होता, जाऊन येऊन ६४०. सासर पुण्यात आणि नेहमी जाणं असेल तर वर्षाला हे बऱ्यापैकी होतं. अटल सेतूचे २०२५ मध्ये एका बाजूचे २५० होते. मुंबईच्या एन्ट्री पॉइंटचा टोल, म्हणजे दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी, तो ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्याच छोट्या गाड्यांना माफ आहे, तो इलेक्ट्रिकच्या फायद्यात कोणी मोजून दाखवला तर ऐकू नका.

ठाणे_घोडबंदर

माफी कागदावर आहे हो, पण माझ्या फास्टॅगमधून एका नाक्यावर पैसे गेले आहेत, एकदा नाही. नाक्यावरचा माणूस म्हणतो सिस्टिममध्ये तुमची गाडी साधी दिसतेय, हिरवी प्लेट डोळ्यांसमोर आहे आणि हा स्क्रीन दाखवतोय. तक्रार केली, स्क्रीनशॉट पाठवले. काही परत आले, काही नाही.

माझ्या बाबतीत निघालं ते असं की नवी गाडी घेताना फास्टॅग चासी नंबरवर निघाला होता आणि नोंदणी नंबर आल्यावर तो अपडेट झालाच नव्हता. म्हणून दीपाताई, नंबर मिळाला की त्याच आठवड्यात फास्टॅग देणाऱ्या बँकेकडे आरसीची कॉपी अपलोड करा, आणि आरसीवर इंधन इलेक्ट्रिक लिहिलंय ना ते तपासा. पहिल्यांदा एक्सप्रेसवेला जाल तेव्हा फास्टॅगचा मेसेज बघा आणि कापले असतील तर लगेच तक्रार टाका, महिनाभराने टाकली की कोणी ऐकत नाही.

दीपा_भांडुप

हे लिहून ठेवलं. खरंच किती उपयोगी लिहिताय सगळे. आता एक घरचाच प्रश्न. आमची सोसायटी जुनी आहे, स्टिल्ट पार्किंग आहे, सेक्रेटरी म्हणतात आधी जनरल बॉडीत विषय ठेवू. चार्जरसाठी वेगळा मीटर घ्यावा का घरच्याच मीटरवरून केबल खाली आणावी?

मुलुंड_मीटररूम

भांडुपला म्हणजे तुमची वीज महावितरणची असणार, आमच्यासारखीच. दोन्ही चालतं पण मी वेगळा मीटर घ्या म्हणेन, आणि कारण सरळ पैशाचं आहे.

घरच्या बिलाचे स्लॅब आहेत, १०० पर्यंत, मग ३००, मग ५००, मग त्याच्या वर. वर गेलात की युनिट महाग. गाडी महिन्याला हजार किलोमीटर चालली तर साधारण दीडशे युनिट खाते. उन्हाळ्यात एसीने तुम्ही आधीच ३०० च्या वर असाल तर गाडीचे सगळे युनिट महागड्या स्लॅबमध्ये पडतात. इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगला वीज नियामक आयोगाने वेगळी वर्गवारी ठेवलीय, तिला हे चढते स्लॅब नाहीत. वेगळा मीटर म्हणजे गाडीचा हिशोबही वेगळा राहतो आणि सोसायटीत 'कॉमन लाइट वापरता' असं कोणी बोलू शकत नाही. आमच्याकडे नेमकं हेच भांडण झालं होतं, लिफ्टचं बिल वाढलं तर बोट गाडीवाल्याकडे. मीटर वेगळा झाला तेव्हा थांबलं.

करायचं काय: लायसनवाला इलेक्ट्रिशियन बोलवा, मीटर रूममध्ये जागा आहे का आणि मेन केबलला लोड झेपतो का ते त्याच्याकडून लिहून घ्या, आणि तो कागद कमिटीसमोर ठेवा. नुसतं 'परवानगी द्या' म्हटलं की सगळे घाबरतात, आगीच्या बातम्या वाचलेल्या असतात. कागद बघितला, एमसीबी, आरसीसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारे स्विच), अर्थिंग कसं करणार ते बघितलं की विरोध बराच कमी होतो. गाडीबरोबर येणाऱ्या छोट्या चार्जरला १५-१६ अँपियरचा पॉइंट पुरतो, रात्रभर लावून ठेवला की रोजच्या वापराला भरपूर झालं. भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा फुकट देतात म्हणून लगेच बसवायला जाऊ नका, त्याला लोड वाढवून घ्यावा लागतो.

पेट्रोलवाला

आणि घरी चार्जिंग झालं नाही तर सवलतींचा सगळा हिशोब बदलतो हे पण सांगा. बाहेर फास्ट चार्जरला युनिट वीस-पंचवीस रुपयांना पडतं, वर १८ टक्के जीएसटी. गाडीवर ५ आणि चार्जिंगवर १८, हे मला आजवर कळलेलं नाही. कमिटीचं उत्तर लेखी आल्याशिवाय बुकिंग अमाउंट भरू नका.

मुलुंड_मीटररूम

@पेट्रोलवाला शंभर टक्के. आधी पार्किंगमधला पॉइंट, मग बुकिंग.

सीए_पार्ले

इन्शुरन्सचं कोणी लिहिलं नाही म्हणून. थर्ड पार्टी प्रीमियमला इलेक्ट्रिक गाडीला १५ टक्के सूट आहे, २०२२ पासून. पण कोटेशनवरचा इन्शुरन्सचा आकडा मोठा दिसेल कारण बॅटरीमुळे गाडीची किंमत जास्त आणि ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा प्रीमियम, त्यावर लागतो. शोरूमची पॉलिसी घ्यायलाच हवी असं बंधन नाही, बाहेरून दोन कोटेशन मागवा, बॅटरीत पाणी गेलं तर काय कव्हर होतं ते वाचा. मुंबईत जुलैमध्ये तेच लागतं. आणि ते 'हँडलिंग चार्जेस' काढून टाकायला सांगा. कशाचे म्हणून विचारलं की बहुतेक वेळा निघतात.

दीपा_भांडुप

आज दोन्ही शोरूमला फोन केले. पहिल्याला विचारलं सबसिडी इनव्हॉइसमध्ये कमी करून छापील देणार का, तर म्हणाला मॅनेजरशी बोलून सांगतो. मग मॅनेजरचाच फोन आला, म्हणे तो आकडा धरू नका मॅडम, त्याऐवजी आम्ही आमच्याकडून कॅश डिस्काउंट देतो. आकडा लहान आहे पण बिलात आहे. हँडलिंग चार्जेस काढले. त्यावर लोनचा हिशोब पुन्हा केला, रक्कम आधी धरली होती त्याहून थोडी वाढतेय पण ईएमआय जमतोय. सोसायटीची मीटिंग रविवारी आहे, इलेक्ट्रिशियन शनिवारी येतोय.

नेरुळ_सेक्टर_वीस

बिलात आलेला लहान आकडा बरा. तो डिस्काउंट प्रोफॉर्मावर आलाय ना ते बघा, आणि बँकेला तोच प्रोफॉर्मा द्या.

कल्याण_खडकपाडा

याच धाग्यात विचारतो. सेकंड हँड इलेक्ट्रिक घेतली तर यातलं काय लागू होतं?

आकडेमोड

सबसिडी नाही, ती नव्या गाडीची असते. टोलमाफी गाडीला आहे, मालकाला नाही, त्यामुळे ती मिळायला हवी, फक्त फास्टॅग तुमच्या नावाने नवा काढा. जीएसटी: ओळखीतल्या माणसाकडून थेट घेतली तर नाही. जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत डीलरकडून घेतली तर तो त्याच्या मार्जिनवर १८ टक्के भरतो, पूर्ण किमतीवर नाही. कोणी पूर्ण किमतीवर १८ टक्के लावून दाखवत असेल तर तिथून उठा. आणि किमतीच्या आधी बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट मागा, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून काढलेला, आणि बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाला चालते का ते वॉरंटीच्या पुस्तिकेत वाचून घ्या. काही कंपन्या पहिल्या मालकालाच जास्त वर्षं देतात.

कल्याण_खडकपाडा

हे भारी झालं. बघतोय ती गाडी डीलरकडचीच आहे, उद्या बिलाचा नमुना मागतो आणि इथे टाकतो.